बुधवारचं बुजगावणं

१

मेंढपाळ भिवा गेला तेव्हा त्याच्या अंगावर जखम म्हणावी अशी नव्हतीच. उजव्या घोट्याच्या वर दोन बारीक ठिपके होते, काटा रुतून निघाल्यासारखे. जीप अंबडच्या रुग्णालयाच्या फाटकात शिरली तेव्हा आठ वाजून दहा मिनिटं झाली होती, आणि त्याचा श्वास वाटेतच थांबला होता.

आत फ्रिजमध्ये सर्पदंशाचं इंजेक्शन होतं. ड्युटीवर डॉक्टर होते. फाटकाशी ट्रस्टची पांढरी गाडी टाकी भरून उभी होती, नर्स आणि ड्रायव्हर दोघं जागेवर होते. दुपारपासून ती गाडी हललीच नव्हती, कारण तिला कुणी बोलावलंच नव्हतं.

पाचव्या दिवशी, सोमवारी सकाळी, ट्रस्टचे सचिव रामप्रसाद यांनी सत्यशीलाबाईंना बोलावून घेतलं. बाई अंबडच्या शाळेत एकतीस वर्षं गणित शिकवून निवृत्त झालेल्या. ट्रस्टच्या समितीवर त्यांचं नाव होतं, आणि गावात त्यांच्या शब्दाला वजन होतं.

"बाई, दोन पानं लिहून द्या फक्त," रामप्रसाद म्हणाले. "गुरुवारच्या बैठकीत ठेवू. पुढचं पोलीस बघतील."

"पुढचं म्हणजे?"

"शालूचं. त्या वस्तीवरची आपली सेविका. माणूस तडफडून राह्यला आणि तिनं गाडी मागवलीच न्हाई. आता म्हणती, मागवली होती."

गाडी मागवायची नवी रीत ट्रस्टनं दोन महिन्यांपूर्वी घातली होती. जालन्याच्या एका छोट्या कंपनीकडून वेबसाइट बनवून घेणं चालू होतं. पुरती तयार नव्हती, तरी तीन वस्त्यांवर वापर सुरू करून टाकला होता. सेविकेनं मोबाइलवर गाव, पेशंट, चावल्याची वेळ भरायची आणि लाल बटण दाबायचं. इकडे रुग्णालयात घंटा वाजायची. ड्रायव्हरचा नंबर सेविकांकडून काढून घेतला होता. आधी कुणाचा फोन आला यावर भांडणं होत, म्हणून.

रामप्रसादांनी दोन कागद पुढे सरकवले. एकावर बुधवारी आलेल्या विनंत्या होत्या. दुपारी तीननंतर एकही नाही. दुसरा कागद साइटवर घडलेल्या चुकांचा. त्यावर नुसतं शून्य.

"साइट बिघडली असती तर इथं आलं असतं. कंपनीनं सही करून दिलंय."

"आणि शालू काय म्हणते?"

"ती म्हणती, बटण दाबलं आणि बुजगावणं आलं."

"काय आलं?"

रामप्रसादांनी ड्रॉवरमधून एक रंगीत छापील पान काढलं. पिवळं शेत, मधोमध हात पसरलेलं बुजगावणं, डोक्याच्या जागी मडकं. वर ट्रस्टचं नाव. खाली ओळी: 'काहीतरी बिघडलं आहे. पुन्हा प्रयत्न करा. तरीही जमलं नाही तर या नंबरवर फोन करा.' आणि रुग्णालयाचा नंबर.

"याला एरर पेज म्हणतात. साइट बिघडली तर लोकांना हे दिसायचं."

बाईंनी पान दिव्याकडे धरलं. "मग ती खरंच सांगतेय की. बुजगावणं आहे इथं."

"तेच तर, बाई." रामप्रसादांनी खुर्ची मागे लोटली. "हे पान साइटवर चढलं शुक्रवारी दुपारी. भिवा मेला बुधवारी."

२

कुंभार पिंपळगावकडे जाणाऱ्या बसमधून बाई फाट्यावर उतरल्या आणि मैलभर चालत वस्तीवर पोचल्या. वीस-बावीस घरं, काट्याच्या कुंपणात मेंढरं, चहूकडे कापूस. शालूच्या दारात कुणी नव्हतं. तिच्या ओट्यासमोरून जाणाऱ्या बायासुद्धा पलीकडच्या अंगानं जात होत्या.

भिवाचं घर समोरच. त्याची बायको जयवंताबाई उंबऱ्यात बसलेली. बाईंना बघून ती जागची हलली नाही, पण तिचा आवाज सगळ्या वस्तीला ऐकू गेला.

"आली का चौकशीवाली? इचारा तिला! माझा माणूस खाटेवर टाकून ही मोबाइल खेळत बसल्ती! बोटं झडतील तिची!"

शालूनं मान वर केली नाही. तिशीच्या आतली बाई, बारावी झालेली, भिवाच्या चुलतभावाची बायको. तिनं बाईंना आत घेतलं, दार लोटलं.

"बोल," बाई म्हणाल्या. "घाई करू नको. पहिल्यापासून सांग."

"सहाला पोरं वरडत आली. भिवानानाला पान लागलं, साप चावला म्हणून. मी पळत गेल्ते. नाना खाटेवर होता, बोलत होता चांगला, पण पापण्या जड पडून राह्यल्या होत्या. जयवंता अक्का मेंढरांमागं लांब गेल्ती. मी फारम भरला. बटण दाबलं. तर पिवळं शेत आलं आणि ते बुजगावणं. पुन्हा भरलं, पुन्हा तेच. नऊ-दहा बार केलं असंल. मंग त्यात लिहिलेल्या नंबरला फोन लावला. लागंना. सरकारी गाडीला लावला, ती दुसऱ्या पेशंटला घेऊन निघाली होती. मंग पिंपळगावच्या परमेश्वरची जीप आणवली. ती यायला सव्वासात झाले."

"शुक्रवारनंतर तू साइट उघडून पाहिलीस?"

"पाहिली. सगळे खोटी म्हणायले, म्हणून पाहिली."

बाईंनी सुस्कारा दाबला. रामप्रसाद हेच म्हणणार: शुक्रवारी पाहिलं आणि बुधवारचं म्हणून सांगितलं.

"मग बुधवारीही हेच पान होतं?"

"हेच. बराबर हेच. फक्त नंबर दुसरा होता."

"दुसरा म्हणजे?"

शालूनं मोबाइल पुढे केला. लावलेल्या फोनांची यादी. बुधवार, संध्याकाळी सहा वाजून एकवीस मिनिटं. लागोपाठ तीनदा, एकच नंबर. बाईंनी चष्मा पुसून तो पुन्हा वाचला.

१२३४५६७८९०.

"शालू, अगं हे ओळीनं अंक आहेत. असा कुणाचा नंबर असतो का? तुला कळलं नाही?"

"बाई," शालू म्हणाली, आणि पहिल्यांदाच तिचा आवाज चढला, "माणूस माझ्या पुढं मरून राह्यला होता. मी अंक बघत बसू का? लिहिलं होतं, ते दाबलं!"

परतीच्या वाटेवर बाई त्या नंबराचाच विचार करत होत्या. खोटं बोलणारा माणूस पटेल असं खोटं बोलतो. शालूला कहाणी रचायची असती तर तिनं छापील पानावरचा रुग्णालयाचा नंबर लावून ठेवला असता. हा वेडगळ नंबर लावून तिचा काय फायदा? आणि वेळ तर मोबाइलनंच लिहून ठेवली होती, शुक्रवारच्या दोन दिवस आधीची.

म्हणजे बुधवारी संध्याकाळी तिच्या डोळ्यांपुढे तो नंबर होता. पण कुठे?

३

कंपनी म्हणजे नवीन जालन्यात स्टेशनच्या रस्त्यावर बियाण्यांच्या दुकानावरची दोन खोल्यांची जागा. माणसं तीन. मालकीण वर्षाराणी, प्रोग्रामर आमेर, आणि साइट चालू ठेवणारा, गिऱ्हाइकांकडे जाणारा सुग्रीव. मंगळवारी सकाळी बाई पोचल्या तेव्हा आमेर एकटाच होता. सव्वीस वर्षांचा, हातावर लग्नातली मेंदी अजून फिकट उरलेली.

"ही तुझी करामत का?" बाईंनी बुजगावण्याचं पान टेबलावर ठेवलं.

"चित्र माझं, लिहिणं माझं. जी हां."

"मला काही कळत नाही असं समज. एरर पेज म्हणजे काय ते सांग."

आमेरनं खुर्ची त्यांच्यासाठी ओढली. शिकवायची संधी मिळाली की चांगल्या कारागिराचा चेहरा खुलतो, तसा त्याचा खुलला.

"बाई, साइट बनवताना रोज दहादा मोडती. मोडली की आमच्या मशीनवर हे येतं." त्यानं पत्त्यात मुद्दाम एक चुकीचं अक्षर टाकलं. पडद्यावर लाल पट्टा आणि खाली बारीक अक्षरांच्या लांबच लांब ओळी. "कोणत्या ओळीत काय चुकलं, सगळं लिहून येतं. आमच्या कामाचं. पण बाहेरच्या माणसाला हे दाखवलं तर तो घाबरंल, आणि चोराला साइटच्या आतलं सगळं दिसंल. म्हणून बाहेरच्याला बुजगावणं."

"म्हणजे घरच्यांना जखम दिसते आणि पाहुण्यांना पट्टी."

"बिलकुल बराबर!" आमेर हसला. "एकच खटका आहे. चालू असला की लाल, बंद असला की बुजगावणं. आमच्या मशीनवर तो कायम चालू असतो."

"मग पट्टी नीट बसली का नाही, हे तुम्ही कसं बघता?"

"हाच तर घोळ आहे, बाई. खटका बंद केला की आमच्या मशीनवर चित्रं न् रंगबी गायब होतात. नुसती अक्षरं राहतात. चित्रं दाखवायचं काम मंग दुसऱ्या प्रोग्रामला सोपवावं लागतं, दोन-तीन गोष्टी जोडाव्या लागतात. मला येतं. मी तशी एक वेगळी नक्कल माझ्या लॅपटॉपवर करून ठेवलीय. लॅपटॉप घरी नेतो."

बाईंनी हळूच विचारलं, "आणि पानावरचा नंबर?"

"टेस्टिंगला खरा नंबर टाकत न्हाई आम्ही. चुकून कुणाला फोन जायचा. मंगळवारी रात्रीपर्यंत पान झालं, तेव्हा मी आपला एक दोन तीन चार टाकून ठेवला. फायनल करताना बदलायचा."

बाईंचं बोट टेबलावर थांबलं.

"मंगळवारी रात्री. आणि बुधवारी तू कुठे होतास?"

"परतूरला. आमच्या सबाचं लग्न. सबा माझी बहीण. लॅपटॉप इथं घरात कुलपात. दोन दिवस भातच वाढत होतो, बाई, अख्खं परतूर सांगंल."

"शुक्रवारी आल्यावर नंबर तू बदललास?"

आमेरचं हसू विझलं. "नाही. मी बदलायला फाइल उघडली, तर आधीच बदललेला होता. खरा नंबर होता तिथं."

"कुणी बदलला?"

"ऑफिसात दोघंच होते ना, बाई. मॅडम आणि सुग्रीवभाई."

४

वर्षाराणी दहाला आली. चाळिशीची, कामसू, एका हातात दोन मोबाइल. खुर्चीत बसण्याआधीच तिनं सांगून टाकलं, "बाई, मी गिऱ्हाईक सांभाळते. मशीनमधलं मला ओ की ठो कळत नाही. जे विचारायचं ते या दोघांना विचारा."

"एवढंच सांग, हे पान तू पहिल्यांदा कधी पाहिलंस?"

"बुधवारी," वर्षाराणी चटकन म्हणाली. "रामप्रसादजींचे दिवसात चार फोन. पान झालं का, कसं दिसतं, उद्या येऊ का बघायला. आमेर लग्नाला गेलेला. मी सुग्रीवला म्हटलं, आता दाखव, मला दिसलं पाहिजे. अर्धा तास खटपट केली त्यानं, पण दाखवलं. सहाला दहा कमी असतील."

"कुठे दाखवलं?"

"त्याच्याच मशीनवर, त्या कोपऱ्यात. वर ट्रस्टचं नाव, खाली पिवळंधमक शेत. छान होतं. मीच म्हटलं, अरे एक दोन तीन चार काय नंबर टाकलाय, हसतील लोक, बदल तो."

"मग बदलला?"

"नंतर बदलला असेल. मला गाडी गाठायची होती. माझे सासरे सहाच्या गाडीनं येणार होते. सुग्रीवनंच मोटरसायकलवर स्टेशनला सोडलं. गाडी तासभर लेट. बिचारा थांबला माझ्यासोबत."

ती इतक्या मोकळेपणानं बोलत होती की बाईंनी तिच्याकडे दोनदा निरखून पाहिलं. शालूनं कोणता नंबर लावला, हे बाईंनी अजून कुणालाही सांगितलेलं नव्हतं. आपण काय बोलून गेलो याची वर्षाराणीला कल्पनाच नव्हती.

सुग्रीव आला तो थेट बाईंच्या पाया पडला.

"बाई, ओळखलं का? दहावी ब. खिडकीजवळचा तिसरा बाक."

बाईंनी ओळखलं. गणिताचं उत्तर पुस्तकाच्या शेवटी बघून वहीत लिहिणारा, आणि मधल्या पायऱ्या कशातरी भरणारा मुलगा. 'समजलं का?' म्हटलं की सगळ्यांच्या आधी मान हलवणारा. आता पस्तिशी ओलांडली होती, पण मान अजून तशीच हलत होती.

"बस. बुधवारी वर्षाराणीला तू पान दाखवलंस?"

"हो बाई."

"कुठे?"

"माझ्या मशीनवर. फक्त माझ्या मशीनवर. लोक वापरतात त्या लाइव्ह साइटला मी हातबी लावला न्हाई."

"मी लाइव्ह साइटचं विचारलंच नाही."

"न्हाई, सांगून ठेवलं. लोक काहीबाही म्हणून राह्यले ना."

"आणि ही चुकांची यादी, शून्याची, तू काढलीस?"

"मीच. खरी आहे, बाई. एक अक्षर इकडचं तिकडं न्हाई. कुणाकडूनबी तपासून घ्या."

बाई उठल्या. काठी टेकत कोपऱ्यातल्या मशीनपाशी गेल्या आणि तिथली खुर्ची त्यांनी सुग्रीवसाठी मागे ओढली.

"मग ये, सुग्रीव. जसं हिला दाखवलंस तसंच मला दाखव."

५

सुग्रीव बसला. पत्त्यात चुकीचं अक्षर टाकलं. लाल पट्टा आला.

"थांबा, खटका बंद करतो." त्यानं एका फाइलमध्ये एक शब्द बदलला, पुन्हा पत्ता टाकला. या वेळी लाल गेलं. पांढऱ्या पडद्यावर काळ्या अक्षरांच्या चार ओळी आल्या. शेत नाही, बुजगावणं नाही, रंग नाही.

"हे नाही," बाई म्हणाल्या. "ते दाखव."

त्यानं आणखी काही लिहिलं. पुन्हा चार ओळी. पंखा फिरत होता तरी त्याच्या मानेवर घाम आला. आमेरचा हात नकळत कीबोर्डकडे गेला.

"आमेर, हात मागे," बाई म्हणाल्या, वर्गात म्हणायच्या तशाच. "त्याचं त्याला सोडवू दे."

पाच मिनिटं झाली. शेवटी वर्षाराणीच त्रासून म्हणाली, "अरे, बुधवारी तर लगेच पिवळं शेत आलं होतं! याच पडद्यावर! तेव्हा जमलं, मग आता काय झालं?"

सुग्रीवचे हात कीबोर्डवरून मांडीवर आले.

"बुधवारीही जमलं नव्हतं," बाई म्हणाल्या. "वर्षाराणी, तू अर्धा तास वाट बघत होतीस, तेव्हा तो हेच करत बसला होता. हे मशीन एकतर लाल दाखवतं नाहीतर कोरं. रंगीत पान या पडद्यावर यायला एकच जागा उरते, जिथं रंग आणि चित्रं आधीच जोडलेली आहेत. खरी साइट. तू पडदा याच्या मशीनचा पाहिलास, पण पान आलं होतं तिथून."

"पण चुकांची यादी शून्य आहे!" आमेर म्हणाला. "लाइव्हवर काही मोडलं असतं तर यादीत आलंच असतं. ती यादी खोटी न्हाई करता येत."

"खोटी नाहीच ती. मी काल रात्रभर या शून्यावर अडले होते. मोडलं असतं तर नोंद झाली असती. नोंद नाही, म्हणजे काही मोडलंच नाही. मग न मोडलेल्या साइटवर मोडल्याचं पान कसं दिसलं?" बाई सुग्रीवकडे वळल्या. "कुणीतरी ते हातानं वर ठेवलं असेल तरच. होय ना? पायऱ्या तू सांग."

सुग्रीवनं खुर्ची मशीनकडून वळवली.

"झाकण टाकावं तसं टाकलं, बाई. कुणीबी काहीबी उघडलं की ते पान दिसावं असं. आतली साइट चांगली होती. पण फारम आतपर्यंत पोचतच नव्हता. साइट आपली सगळं ठीक आहे म्हणून लिहीत होती."

"किती वेळ?"

"दोन मिनिटांसाठी टाकलं होतं. मॅडमना दाखवून काढणार होतो. त्या उठल्या, म्हणाल्या चल, गाडी चुकंल. मी किल्ली घेतली न् निघालो. स्टेशनवर ध्यानातच राह्यलं न्हाई. परत आलो तेव्हा सात वाजून गेल्ते. तेव्हा काढलं, नंबरबी बदलला."

सहाला दहा कमी ते सात. बाईंच्या मनानं आपोआप वजाबाकी केली. शालूचं पहिलं बटण सहा दहाच्या सुमारास. अंबडची गाडी नर्स आणि इंजेक्शन घेऊन चाळीस मिनिटांत वस्तीवर आली असती. सातच्या आत. जीप तर सव्वासातला नुसती निघाली होती.

"तुला कधी कळलं?"

"गुरुवारी सकाळी. रामप्रसादजींचा फोन आला तेव्हाच."

"आणि त्यानंतर तू ही यादी काढलीस. सही केलीस. त्या बाईच्या गळ्याला फास बसणार हे माहीत असून."

"यादी खरी आहे, बाई," तो पुटपुटला.

"म्हणूनच ती निवडलीस."

आमेर भिंतीला टेकला. "सुग्रीवभाई, मला एक फोन करायचा होता. मांडवातून सांगितलं असतं मी. खुदा की कसम, दोन मिनिटांचं काम होतं."

"चार वर्षं झाली," सुग्रीव म्हणाला. तो आता कुणाकडेच बघत नव्हता. "दर येळी तुलाच इचारायचं. मॅडमसमोर. तू दहा वर्षांनी लहान. किती येळा म्हणायचं, मला येत न्हाई?"

त्या वाक्यावर बाईंना काही बोलता आलं असतं. एकतीस वर्षं त्यांनी मुलांना हेच सांगितलं होतं की येत नसेल तर हात वर करा. पण तिसऱ्या बाकावर मान हलताना दिसली की त्या पुढच्या गणिताकडे जात असत, कारण घंटा व्हायला आलेली असे. त्यांनी सुग्रीवला कागद दिला आणि सगळं त्याच्याच अक्षरात लिहून घेतलं.

६

गुरुवारच्या बैठकीत रामप्रसादांनी तो कागद वाचून उलटा ठेवला.

"बाई, आपण 'तांत्रिक बिघाड' असं लिहू. शालू सुटती, ट्रस्टचंबी नाव राहतं."

"बिघाड झालाच नाही, रामप्रसादजी. यादीत शून्य आहे. तुम्हीच दाखवलीत."

"मंग काय लिहायचं?"

बाईंनी लिहून आणलं होतं. सुग्रीवनं काय केलं आणि काय लपवलं. अर्धवट साइट वस्त्यांवर कुणी चालू केली. ड्रायव्हरचा नंबर सेविकांकडून काढून घ्यायचा ठराव कुणी मांडला, आणि त्या ठरावाला कुणाकुणाचे हात वर होते. त्या यादीत सातवं नाव त्यांचं स्वतःचं होतं. एक प्रत त्यांनी टेबलावर ठेवली. दुसरी त्या पोलीस ठाण्यात देऊनच आल्या होत्या.

मग त्या वस्तीवर गेल्या. शालूला हाताला धरून भिवाच्या दारात नेलं. शेजारपाजारचे गोळा झाले. बाईंनी सगळं सांगितलं, सोप्या शब्दांत, एकेक पायरी.

सांगून झाल्यावर जयवंताबाई म्हणाली, "म्हंजे चित्र कसं दिसतं ते बघून राह्यले होते."

"हो."

"त्याच टायमाला."

"हो."

"मंग गाडी आली असती तर वाचला असता का माझा माणूस?"

डॉक्टरांना बाईंनी हे विचारलं होतं. "नक्की सांगता येत नाही म्हणाले. पण वाचायची आशा होती."

कुंपणात एक मेंढरू खोकलं. जमलेले एकेक करून मागे सरले. शालू उभीच होती, शिक्षा ऐकायला उभी असावी तशी.

"तू व्हतीस त्याच्यापाशी," जयवंताबाई तिला म्हणाली. आठ दिवसांत पहिल्यांदा ती शालूशी बोलत होती. "मी न्हवते. बोलत व्हता का?"

"बोलत व्हता, अक्का. जीप यायच्या आधी. मंग जीभ जड पडली."

"काय म्हणला?"

शालूनं बाईंकडे पाहिलं. बाईंनी मान वळवली. इथं त्यांचं काम नव्हतं.

"तीनदा इचारलं. गाडी निघाली का म्हणून."

"मंग?"

"मी म्हणलं, निघाली नाना. फाट्यावर आली. आलीच."

जयवंताबाईनं डोळे मिटले. पदर तोंडाशी धरला, आणि दुसऱ्या हातानं शालूला खाली, आपल्या शेजारी, उंबऱ्यात बसवून घेतलं.

"बरं केलंस," ती म्हणाली.